चालू हाय, पण दिसून राहिलं का?

आमच्या साखरा गावात लग्नाचा ग्रुप फोटो निघायला लागला की शेजारचा दत्ता फोटोग्राफरच्या खांद्याशी जाऊन उभा राहतो. एक डोळा मिटतो अन् सुरू होतो, "मामा, फेटा काढा. मागं मावशी दिसून न्हाई राहिली." मागच्या लग्नात तर त्यानं नवरदेवालाच खाली बसवलं. पंगती खोळंबल्या, फोटोग्राफरनं हात जोडले, पण मागची शेवटची म्हातारी दिसेपर्यंत हा बाबा हलला नाही.

लोक म्हणतात, पोरगं कामातून गेलं. मला कारण ठाऊक आहे. त्याची आई सरू दोन वर्षांमागं गेली, अन् भिंतीवर लावायला तिचा एक फोटो नाही. बाई इतकी लाजाळू, कॅमेरा दिसला की कुणाच्या तरी पाठीमागं. दत्तानं नात्यातले सगळे अल्बम धुंडाळले. सरू सगळीकडं आहे, कुठं जावेच्या पदराआड, कुठं नुसता बांगड्यांचा हात. आधार कार्डावरचा फोटो तर तिचा तिलाच ओळखू येत नव्हता!

त्यात त्याची नोकरी! पुण्याची कंपनी, हा घरी बसून काम करतो. डॉक्टर लोक सीटी स्कॅनमधून माणसाच्या आतलं बघतात, त्याचं सॉफ्टवेअर बनवायचं. एक बटण दाबलं की कातडी जाते, दुसरं दाबलं की हाडं जातात. मला समजावायला त्यानं माझ्याच ओट्यावर घागरीमागं वांगं ठेवलं.

"काकू, वांग्याचं बटण दाबलेलं हाय, म्हंजी कॉम्प्युटर म्हणतो, वांगं चालू हाय. पण दिसून राहिलं का?"

"न्हाई बा."

"मंग! गाठीचं बी तसंच. चालू असती, पण हाडामागं. तवा सॉफ्टवेअरनं सांगाया पायजे, साहेब, जरा फिरवून बघा."

तेव्हापासून हेच पालुपद. चावडीवर म्हणतो, "ग्रामसेवक चालू हाय, पण दिसून राहिला का?" वांग्याची भाजी मात्र दोन वेळा खाऊन गेला.

परवा दुपारी त्यानं मला घरात बोलावलं. कॉम्प्युटरवर एक कवटी होती. माझ्या अंगावर काटाच आला.

"भिऊ नका, काकू. मायच्या डोक्याचं शेवटचं स्कॅन हाय. दवाखान्यानं सीडी दिली होती. आता हाडं बंद, कातडी चालू."

अन् बाई गं, सरूच समोर आली! केस नाहीत, डोळे मिटलेले, पण तेच चपटं नाक, तेच ओघळलेले कान. किती दिवसांनी बघत होते मी तिला.

दत्ता मान खाली घालून बसला होता. "काकू, तिच्या कपाळावर गोंदण होतं. स्कॅनमधी ते येत न्हाई. मला रंग भरता येतो, पण बराबर कुठं होतं तेच आठवून न्हाई राहिलं. लेक असून आठवंना, काकू."

मी अन् सरू दोघींचं माहेर पुसेगाव. लहानपणी एकाच दुपारी, एकाच बाईनं आम्हा दोघींच्या कपाळावर एकाच जागी गोंदलं होतं. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले अन् कपाळावरची टिकली काढली.

"बघ. हितंच. मापानं लाव."

त्यानं माझ्या कपाळाकडं बघत बघत पडद्यावर एक हिरवा ठिपका ठेवला. जरा खाली घेतला. मग हात बाजूला केला अन् पडद्याकडं बघत हळूच म्हणाला, "माय."