एका येळंला एकच

आमचे भीमाप्पा चालता चालता बोलत नसत. बोलायचं झालं की थांबत, आणि चालायला लागले की तोंड मिटत. ऐकायला हे साधं वाटतं. पण ज्या माणसाचा सगळा जन्म बेळगावच्या वडगावात गेला, त्याला वाटेत "काय आप्पा, कुठं चाललासा?" म्हणून किती जण विचारत असतील, ते बघा. वडगावाहून शहापूरच्या पेठेत जायला आम्हाला पाव तास लागे, आप्पांना दीड तास. एकदा म्हणे एक कुत्रं भुंकत त्यांच्या मागं लागलं. आप्पा थांबले, वळले, "हाड" म्हणाले आणि मग पुन्हा चालायला लागले. कुत्रं इतकं गोंधळलं की निमूटपणे आपल्या घरी गेलं.

कुत्र्याचं सोडा. गल्लीतल्या एका म्हाताऱ्याच्या तिरडीला आप्पांनी खांदा दिला होता. वाटेत कुणीतरी विचारलं, "आप्पा, वय काय हो म्हाताऱ्याचं?" आप्पा थांबले. चौघांतला एक थांबल्यावर बाकीचे तिघे काय करणार? अख्खी यात्रा भर रस्त्यात उभी राहिली. आप्पांनी शांतपणे सांगितलं, "अठ्ठ्याहत्तर आसंल," आणि मग सगळे पुढं निघाले. त्या दिवसापासून लोक त्यांना खांदा द्यायला बोलवत नसत. "तुम्ही मागनं या," म्हणत.

मी निपाणीची. तंबाखूच्या वखारीला लागून आमचं घर, त्यामुळं शिंकता शिंकता बोलायचं आणि बोलता बोलता रांधायचं, हीच आमची रीत. लग्न होऊन वडगावात आले ती आप्पांच्या भिंतीला भिंत लावून असलेल्या घरात. आमचे हे शाळेत मास्तर, म्हणून मी मास्तरीणबाई. मी स्वतः सातवी झालेले, त्यामुळं गल्लीतली सगळी पत्रं वाचायला माझ्याकडं येत. भिंतीपलीकडं तीन माणसं: हातमागावर लुगडी विणणारे आप्पा, रहाटावर सुताच्या कांड्या भरणाऱ्या गंगाक्का, आणि त्यांचा एकुलता एक परशा. पण मी सांगते त्या दिवसांत परशा घरी नव्हता. तो पलटणीत भरती होऊन बर्म्याकडं लढाईवर गेला होता, आणि सात महिने त्याचं एक पत्र आलं नव्हतं. आप्पांच्या मी कितीही गमती सांगितल्या तरी त्या घरात रोज हीच एक गोष्ट होती, तेवढं ध्यानात असू द्या.

तर आप्पांचं म्हणणं असं, की एका येळंला एकच. चहा पिताना चहा प्यायचा. जेवताना जेवायचं. शिंक आली तर कप खाली ठेवायचा, शिंकायचं आणि मग कप उचलायचा. मला हे ऐकून चीड यायची. मी मांडीवर पोर, पुढ्यात सूप, सुपाशेजारी जुनं वर्तमानपत्र आणि चुलीवर दूध, अशी चौफेर लढणारी बाई. भिंतीपलीकडचा माग अचानक थांबायचा आणि आवाज यायचा, "मास्तरीणबाई, दूध." मी धावत जायची तोवर दूध चुलीत. पुढं पुढं तर माग थांबला की मी आधी उठायची आणि मग ऐकायची.

एकदा आमच्या ह्यांच्या दाताखाली खडा आला आणि अर्धा दात गेला. दुसऱ्या दिवशी आप्पा ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "तांदूळ निवडताना काय करतासा?"

"तांदूळ निवडते की."

"आन?"

"आणि काय, पोराला झोका देते, पेपर वाचते, संध्याकाळी काय करायचं ते बघते."

"मग तांदूळ कोण निवडतंय?"

मी अशी तापले म्हणता. त्यांना दाखवायचंच म्हणून पोराला निजवून अर्धा तास नुसते तांदूळ निवडले, दुसरं काही नाही. आणि खरं सांगते, खानापूरच्या तांदळाला वास असतो, आणि तो इतका गोड असतो, हे मला लग्नानंतर चार वर्षांनी कळलं. अर्थात आप्पांना मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला कांदा चिरायला शिकवलं असतं.

बेळगावात एकदा पुण्याचे कुणी विद्वान आले होते. चित्त एकाग्र कसं करावं, यावर त्यांचं भाषण होतं. आमचे हे आप्पांना मुद्दाम घेऊन गेले. आप्पांनी पापणी न लववता दोन तास ऐकलं. येताना ह्यांनी विचारलं, "कसं वाटलं?" आप्पा थांबले. "माणूस चांगला हाय," म्हणाले, "पर घड्याळ सात येळा बघितलं." मग थोडं चालले आणि पुन्हा थांबले. "डोळं मिटून कशाला बसायचं, मास्तर? डोळं मिटलं की मन भायेर पळतंय. हातात काय हाय त्येच्याकडं बघायचं. तेवढंच."

गंगाक्कांना ह्या सगळ्याचं काडीचं कौतुक नव्हतं. "बाप्यांना परवडतंय गं," त्या मला म्हणायच्या. "मी भाकरीकडं बघू, चुलीकडं बघू, का म्हशीकडं? ह्येंच्यासारखं एका येळंला एक कराय लागले, तर ह्येंना सकाळची भाकरी सांजंला मिळंल." आप्पा हसायचे आणि मगच पुढचा घास घ्यायचे.

पण परशाची पत्रं थांबली तशा आक्कांच्या बोलण्यातली गंमत गेली. अकराच्या सुमाराला पोस्टमन गल्लीत शिरायचा. तो धारवाडकडचा, त्याला मराठी बेताची. आक्का उंबऱ्यात उभ्या असायच्या. तो लांबूनच मान हलवायचा आणि जवळ आला की म्हणायचा, "इल्ला, आक्का." नाही म्हणून सांगतानाही बिचारा खाली बघायचा. आक्का तशाच उभ्या राहायच्या. आणि आत आप्पा मागावर. पाय मागाखालच्या खड्ड्यात, हात आडवा धागा नेणाऱ्या धोट्यावर, नजर कापडावर. मान वर करून आलं का नाही हेसुद्धा कधी विचारत नसत.

एक दिवस आक्कांचा बांध फुटला. ओट्यावर येऊन त्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पोरगं जितं हाय का न्हाय त्येचा पत्त्या न्हाय, आन ह्यो दगड धोटा फेकतोय." गल्लीनं आक्कांची बाजू घेतली. मीही घेतली. माझी जीभ आधीच सैल, मी सरळ आत गेले आणि म्हटलं, "आप्पा, एकदा तरी बाहेर येऊन विचारावं माणसानं. आक्कांना किती बरं वाटेल."

त्यांनी माग थांबवला. "मी भायेर आल्यावर पत्र येणार हाय व्हय?"

"तसं नाही, पण..."

"मग विणू द्या," म्हणाले आणि पुन्हा खटक-खट सुरू झालं. मी घरी येऊन ह्यांच्यापुढं आप्पांना इतकं बोलले की ह्यांनी शेवटी पुस्तक मिटलं.

आप्पा-आक्कांत बोलणंच बंद झालं. आक्का ताट वाढून सरकवायच्या आणि पाठ करून बसायच्या. मला त्या घरात जायला नको वाटायचं.

अशात पेठेतून एक लुगडं परत आलं. आप्पांचं लुगडं परत यायची गल्लीला सवय नव्हती. व्यापारी निरोपात एवढंच म्हणाला, "विरळ पट्ट्या पडल्यात, आप्पांना बरं न्हाय का?" आक्का ते माझ्याकडं घेऊन आल्या. "बघ गं पोरी, काय दिसतंय? माझं डोळं पोचत न्हाईत."

आम्ही दोघींनी अंगणात उन्हात लुगडं ताणून धरलं. एकेक आडवा धागा फणीनं ठोकून बसवायचा असतो. ठोका सारखा पडला तर कापड सारखं येतं. विणणाऱ्याचा हात मध्येच थबकला तर पुढचा ठोका हलका पडतो आणि बोटभर जागा विरळ राहते. तशा सहा जागा होत्या. उन्हात लख्ख दिसत होत्या.

"थकला आसंल," आक्का पुटपुटल्या. पण त्या मागवाल्याच्या घरात जन्मल्या होत्या. त्यांनी लुगडं अंथरलं आणि कोपरापासून बोटांपर्यंत हातानं मोजायला घेतलं. पहिल्या पट्टीपासून दुसरी तीन हातांवर. तिसरी तीन हातांवर. चौथी तीन हातांवर. मग पाचवी सहा हातांवर. आणि सहावी पुन्हा तीन हातांवर.

"दिवसाला तीन हात विणत्यात ह्ये," आक्का म्हणाल्या. "बुधवारी सुरू केलंतं. ह्यो बुधवार. ह्यो गुरुवार, शुक्रवार, ह्यो शनवार." मग त्या लांब सोडलेल्या कोऱ्या, सारख्या विणीवर त्यांनी तळवा ठेवला. "हितं रविवार."

विणकरांची सुट्टी अमावास्येला, रविवारी माग चालूच असतो. रविवारी बंद असतं ते टपाल.

अकरा वाजता पोस्टमन "इल्ला" म्हणायचा तेव्हा त्या माणसाची मान वर होत नव्हती, पण हात थांबत होता. रोज. आणि मी त्याला उपदेश करून आले होते. स्वतःची अशी लाज वाटली की लुगड्याची घडी करायला मला सुचेना.

"मी दगड म्हटलं त्यास्नी," आक्का म्हणाल्या. "गल्लीत. वरडून." त्यांनी लुगडं छातीशी धरलं आणि उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता उंबऱ्यात आक्का नव्हत्या. मी डोकावले तर त्यांनी रहाट उचलून मागाशेजारी आणला होता आणि कांड्या भरत बसल्या होत्या. दोघंही एकमेकांकडं बघत नव्हती. उंबऱ्यात मग मी उभी राहिले. पोस्टमन मला "इल्ला" म्हणाला, आणि आत माग थबकला तेव्हा रहाट मात्र फिरत राहिला. कुणीतरी सोबतीला आहे एवढं कळायला तो आवाज पुरेसा होता.

असे पंधरा-वीस दिवस गेले असतील. मग एक दिवस पोस्टमन गल्लीच्या तोंडाशीच हात वर करून आला. "बंतु, आक्का, बंतु." आलं म्हणत होता. मी धावले. पाकीट हातात घेतलं आणि उलटून पाहिलं. अक्षर परशाचं नव्हतं. त्याचं अक्षर मी दहा पत्रांतून ओळखत होते, हे दुसऱ्याच कुणाचं होतं. ते पाकीट घेऊन मी आत कशी गेले ते माझं मला माहीत.

दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी उभ्या उभ्याच फोडलं आणि पहिली ओळ मोठ्यानं वाचली: "आप्पा, आक्का, मी परशा सांगतोय, लिहितोय माझा सोबती." मी पुढं वाचत गेले. उजव्या हाताला गोळी लागली होती. तो चार महिने इस्पितळात होता. आता बोटं हलत होती. बऱ्याच ओळींवर सरकारनं काळं फासलं होतं, पण शेवटी स्वच्छ लिहिलं होतं, रजा मिळाली, पुढच्या महिन्यात येतो, आक्काला सांगा भात जास्त लाव.

"हात हाय न्हवं?" आक्कांनी विचारलं.

"आहे, आक्का. बरा होतोय."

"पुन्यांदा वाचा," आप्पा म्हणाले. मी वाचलं. "पुन्यांदा." मी पुन्हा वाचलं. तिसऱ्या वेळी त्यांनी धोटा बाजूला ठेवला. ताण्यावर थेंब पडून रंग उतरू नये म्हणून सगळ्या धाग्यांवर धोतराचं फडकं अंथरलं. मग सावकाश खड्ड्यातून वर आले, ओट्यावर जाऊन बसले आणि रडायला लागले. कसलाही आडपडदा न ठेवता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, भर दुपारी.

बघता बघता गल्ली जमली. पत्र आलंय, पोरगं सुखरूप आहे, हे कळल्यावर सगळ्यांचे जीव भांड्यात पडले. पण आप्पा काही थांबेनात. शेवटी समोरची म्हातारी पुढं झाली आणि म्हणाली, "अरं बाबा, चांगलं वर्तमान आलंय न्हवं? मग आता पुरं की. किती रडशील?"

गंगाक्का त्यांच्या शेजारी टेकल्या. पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि म्हातारीला म्हणाल्या, "रडू दे त्यास्नी. सात महिन्यांचं हाय. येळ लागंल."