काका खरे कशावरून?

देह नाशवंत आहे, लक्ष्मी चंचल आहे आणि ओळख चोरीला जाते. तेव्हा माणसाने या तिन्हींतली निदान शेवटची तरी कुलपात ठेवावी. हा बोध आमच्या काकांनी ओळखचोरीवरच्या एका व्याख्यानातून घरी आणला. (छत्री तिथेच राहिली.)

व्याख्यानाचं सार असं, की ओळख पटवण्याच्या प्रश्नांना खरी उत्तरं कधीही देऊ नयेत. खरं काय ते चोरालाही शोधून काढता येतं. काकांनी ते वचन शिरोधार्य मानलं. त्यानुसार त्यांची पहिली शाळा : पाणबुडी. आवडता रंग : गुरुवार. आजीचं माहेर : चप्पल. दर सोमवारी उत्तरं आपसांत जागा बदलत. सही डाव्या हाताने होऊ लागली. मिशी फोटोत होती, म्हणून चेहऱ्यावरून काढली. पूर्वी काकांना ओळखणारे शेजारी शंभर टक्के होते. महिन्याभरात ते चाळीसवर आले. (काकू अजून विचार करताहेत.) एवढी सुरक्षितता राजेमहाराजांनाही लाभली नसेल.

आता ही उत्तरं ध्यानात कोण ठेवणार? पण देव दयाळू. 'ओळख सुरक्षा केंद्रा'तून एक गोड आवाजाचा मनुष्य रोज फोन करी, "काका, जेवलात का?" विचारी आणि नवी उत्तरं जपून ठेवायला उतरवून घेई. (मी सख्खा पुतण्या. वर्षातून दोनदा फोन करतो, त्यातला एक चुकून लागलेला असतो.) केंद्र कुठे आहे, हे तेवढं विचारायचं राहून गेलं.

अशात ताईला, म्हणजे काकांच्या लेकीला, मुलगी झाली. काका एका पायात माझा बूट घालून दवाखान्यात धावले. बाळंतिणींच्या खोलीच्या दारात सिस्टर उभी. भेटायला येणाऱ्यांच्या यादीत आपल्या नावापुढे प्रश्न आणि उत्तरं लिहून घ्या, असा हट्ट काकांनीच धरला होता.

"पहिली शाळा?"

आनंदात काकांना काहीच आठवेना. "अहो, पुलापलीकडची! पत्र्याची! मास्तर शिंकले की गळायची!"

"चूक," सिस्टर म्हणाली आणि आत विचारून आली. "ताई म्हणतात, खरं सांगतोय म्हणजे हे बाबा नव्हेत. हाकला."

काकांचे डोळे भरून आले. "बघ! पोरगी कशी तयार केलीय!" ते मला म्हणाले. तेवढ्यात आत बाळ रडलं आणि काकांनी दाराला कान लावला. "माझी नात गं ती! एकदा बघू दे, मग खुशाल खोटा ठरव!"

सिस्टर हलेना. भेटीची वेळ संपत आली होती. अशात फोन वाजला.

"काका, जेवलात का?"

काकांनी एका दमात सगळी अडचण सांगितली आणि फोन सिस्टरच्या हाती दिला. पलीकडून धडाधड आलं, "पाणबुडी, गुरुवार, चप्पल. अहो बाई, सोडा त्यांना आत. धाप लागलीय, ऐकू येतंय मला."

दार उघडलं. सगळ्या जगात काकांना खात्रीने ओळखणारा माणूस एकच निघाला. काकांनी नातीला मांडीवर घेतलं आणि कृतज्ञतेने तिची जन्मवेळ, वजन आणि कानामागचा तीळ त्याला सांगून टाकला.

हसताय ना, सज्जनहो? हसा. तुमच्या नातीचं हेच सगळं तुम्ही फोटोसकट, ती जन्मली त्याच संध्याकाळी, मोबाईलवरून गावभर वाटलंत, आणि तुम्हाला तर कुणी "जेवलात का?" एवढंही विचारलं नव्हतं.