कोळशातला वायू आणि कर्णिककाका

कर्णिककाकांना कसलाही अंदाज विचारला, की ते तीन आकडे सांगायचे. किमान, बहुधा आणि कमाल. लग्नाला माणसं किती येतील? किमान दीडशे, बहुधा दोनशे, कमाल तीनशे. एकदा जवळच्या शेलार गावचा एक शेतकरी, विहिरीला पाणी किती खोल लागेल ते विचारायला आला. काकांनी वीस, तीस आणि पन्नास फूट असं सांगितलं. तो बिचारा डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, यकच काय तो सांगा. मला यकच विहीर खणायची हाय."

भिवंडीत ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. नोकरी मात्र सगळी तिकडे बिहारच्या कोळसापट्ट्यात, भूगर्भतज्ज्ञ म्हणून. काकू इथल्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या, म्हणून त्या इथेच राहिल्या. काका वर्षातून दोनदा यायचे. निवृत्त होऊन कायमचे आले, तेव्हा सामान म्हणजे दोन ट्रंका भरून कागदाच्या गुंडाळ्या. आणि इथे जमिनीखाली नुसता काळा पाषाण, कोळसा औषधालाही नाही.

नव्वदनंतर कधीतरी जुन्या कचेरीतून पत्र आलं. कोळशाच्या थरांत वायू धरलेला असतो, तो जळणासाठी काढता येईल का, हा विचार आपल्याकडे तेव्हा नुकता सुरू झाला होता. काकांच्या भागात तो किती असेल, याचा अंदाज त्यांनी करून द्यावा, अशी विनंती होती.

झालं, सगळ्या गॅलरीत गुंडाळ्या पसरल्या. बोअरमध्ये उपकरणं सोडून काढलेल्या नागमोडी रेघा. मी स्वतः शाळामास्तर, पण जिन्यात सापडलो की मलाही धडा मिळायचा. रेघ जिथे वाकते तिथे हलका दगड, म्हणजे कोळसा. थर किती पसरला, किती जाड, वजनाला किती आणि टनामागे वायू किती, यांचा गुणाकार करायचा. पण थर मध्येच तुटतो, खाली सरकतो, म्हणून आकडे तीन. "मास्तर, एकच आकडा सांगणारा एकतर देव असतो, नाहीतर विक्रेता," असं ते म्हणायचे.

काकांची नजर अधू झाली होती. त्यामुळे दुपारी काकू आकडे वाचायच्या आणि काका लिहून घ्यायचे. शेजारच्या लूमच्या खडखडाटावरही काकूंचा शाळेतला आवाज खणखणीत ऐकू यायचा. मध्येच आकडे थांबायचे आणि दोघांचं हसणं यायचं.

दिवाळी गेली, होळी आली, तरी वाचन चालूच. कचेरीवाले खोळंबले असतील, म्हणून मी एकदा विचारलं. काकांनी आधी आत पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"अहवाल दिवाळीतच पाठवला, मास्तर. पोचल्याचं पत्रही आलं."

"मग हे रोजचं वाचन?" मी विचारलं.

"तीस वर्षं मी तिकडे, ही इथे. वाचता वाचता ही विचारते, या बोअरवर होतात तेव्हा जेवण कोण करायचं, थंडीत काय पांघरायचात? मग मी सांगत बसतो. एवढं बोलणं आमचं कधी झालंच नव्हतं." मग ते म्हणाले, "तिला मात्र सांगू नका."

मी नाही सांगितलं. पण आठवड्याभराने काकू भाजीबाजारात भेटल्या, आणि बोलायचं म्हणून मी काकांचं काम कुठवर आलं ते विचारलं.

"ते कधीच संपलं," मेथीची जुडी निवडत त्या म्हणाल्या. "ते पोचल्याचं पत्र पोस्टमनने माझ्याच हातात दिलं होतं."

मग त्यांनी घड्याळ पाहिलं, जुडी पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, "चलते हं. दोन वाजत आले, ते गुंडाळी उघडून बसले असतील."