काकांची सातची वाटी

संध्याकाळी बरोबर सात वाजता आमच्या दाराची कडी वाजते, आणि आपण घरात नाही असं कसं भासवावं ह्याचा मी विचार करू लागते. दारात भालचंद्रकाका असतात. एका हातात स्टीलची वाटी, तिच्यावर ताटली, आणि ताटलीवर घट्ट दाबलेला पंजा, जणू आतला पदार्थ संधी मिळताच पळून जाणार आहे.

"झाकण काढू नको," काका म्हणतात. "आधी वास घे."

मग ते ताटली बोटभर सरकवतात. मी वास घेते. "ओळख," ते म्हणतात. मला ओळखता येत नाही. आजवर कॉलनीत कुणालाच ओळखता आलेलं नाही, कारण तो पदार्थ त्या दिवसाआधी पृथ्वीवर झालेलाच नसतो.

"जिलबीचं थालीपीठ!" काका जाहीर करतात. "सकाळच्या चार जिलब्या उरल्या होत्या. भाजणीत मळून टाकल्या. वरून शेव. सांग, पास की रिजेक्ट?"

आमच्या माळव्यात, देवासला, शेव कशावरही घालतात, हे मला मान्य आहे. माझं माहेर धारचं, त्यामुळे मीही शेवेवरच वाढले. पण शिकरणीवर शेव मी काकांकडेच पाहिली. शेपूच्या शिऱ्यावरही पाहिली. एकदा वाटीत नुसतीच शेव दिसली म्हणून मी खूश झाले, तर खाली कारल्याची खीर निघाली.

काका मूळचे साताऱ्याकडचे. तरुणपणी नोकरीसाठी देवासला आले आणि एकाच कारखान्यात फोरमन होऊन रिटायर झाले. कारखान्यातले लोक त्यांना 'भालू भिया', म्हणजे भालूभाऊ, म्हणायचे. नोकरी सुटली, पण भाषा सुटली नाही. पोळ्या म्हणजे 'लॉट'. भाजी म्हणजे 'बॅच'. मीठ जास्त झालं तर 'टॉलरन्सच्या बाहेर'. आणि ह्या सगळ्याच्या मागे त्यांचा एक सिद्धांत आहे, जो ते दर दोन दिवसांनी मला पुन्हा नव्याने सांगतात.

"सोमवारी काय केलंस?"

"मूग."

"मागच्या सोमवारी?"

"मूगच."

"गंज लागेल! मशीन असो की माणूस, रोज तेच ते चालवलं की गंज लागतो. पक्की गोष्ट आहे."

मला राग यायचा, कारण ते खरं होतं. मी शाळेत शिकवते. पाचला घरी येते, वह्या तपासते आणि साडेसहाला स्वयंपाकघरात जाऊन फ्रीजकडे बघत उभी राहते. आमच्याकडे सोमवार मूग, मंगळवार बटाटा, बुधवार कोबी, गुरुवारी आमटी-भात आणि शुक्रवारी आधीच्या चार दिवसांचं जे काही शिल्लक असेल ते. माझा नवरा सुहास हे सगळं मोबाइलकडे बघत खातो. एकदा मी मुद्दाम मंगळवारी कोबी केला, तर तो दुसऱ्या दिवशी गुरुवार समजून दत्ताच्या देवळात जाऊन आला.

काकांकडे असं होणं शक्य नव्हतं. त्यांच्या ओट्यावर बिस्किटांच्या दोन बरण्या होत्या. एकीत जिनसांच्या चिठ्ठ्या, दुसरीत कृतींच्या. रोज सहा वाजता दोन्हींतून एकेक चिठ्ठी काढायची आणि जे येईल ते करायचं, माघार नाही. 'दोडका' आणि 'तंदूर' आलं, त्या दिवशी त्यांच्या गच्चीवरून इतका धूर निघाला की समोरच्या राठौर भाभींनी बादली भरून ठेवली. 'पोहे' आणि 'पुरण' आलं, त्या दिवशी पुरणपोळीत पोहे निघाले, कांद्यासकट.

"चांगलं लागतंय का काका तुम्हाला स्वतःला?" मी एकदा विचारलं.

"मला काय विचारतेस? मी प्रॉडक्शनमध्ये आहे. इन्स्पेक्शन तुमचं."

हे सगळं सोसता आलं असतं. एका वाटीचं काय, कडुलिंबाखालच्या गायीला घालून मोकळं व्हावं. (गाय पहिल्या आठवड्यानंतर सात वाजता आमच्या गल्लीत फिरकेनाशी झाली, तो भाग वेगळा.) खरी अडचण दुसरीच होती. आपल्यात शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही अशी रीत आहे. ही रीत मराठी घरांतून कधीतरी राठौर भाभींनीही उचलली आणि आता त्या आमच्यापेक्षा जास्त कडक पाळतात. एरवी ह्यात जाच नसतो. वाटी आज आली, दोन दिवसांनी काही बरं केलं की ते घालून परत गेली. पण काका वाटी सोडून जातच नसत. पायरीवर बसायचे.

"वाटी आत्ताच रिकामी करून दे. आरामात दे, मला घाई नाही."

म्हणजे दहा मिनिटांत त्या वाटीत आपलं काहीतरी घालणं आलं! पहिल्या दिवशी मी चमचाभर साखर घातली, आपली आई-आजी घालायची तशी. काकांनी तिथल्या तिथे ताटली उघडून बघितली आणि त्यांचा चेहरा पडला.

"साखर? अगं, साखरेला वास कुठे असतो?"

दुसऱ्या दिवशी मी मूग दिले. तिसऱ्या दिवशी ते दारातूनच म्हणाले, "तुझे मूग कालच झाले. राठौर भाभींनी आज मेथीचे गट्टे दिलेत, घमघमाट सुटलाय." हे मला लागलं. बाईमाणसाला घर जळालेलं चालेल, पण समोरच्या घरचे गट्टे चांगले झालेले चालत नाहीत. बुधवारी मी भुट्ट्याचा कीस केला. गुरुवारी राठौर भाभींनी लसणाची लाल चटणी. शुक्रवारी मी चक्क ओल्या हळदीची भाजी केली, माझ्या आईला फोन करून. सुहासने मोबाइल खाली ठेवला आणि विचारलं, "आज कुणी येणार आहे का?"

अशा रीतीने दोन महिन्यांत आमच्या गल्लीतल्या सहा घरांचा स्वयंपाक पार बदलून गेला, आणि त्याचं श्रेय कुणीही काकांना दिलं नाही. उलट सगळ्या बायकांना एकच काळजी लागली होती. आम्ही त्यांची वाटी निदान ओतून तरी टाकू शकत होतो. कुसुमकाकू काय करत असतील?

काकू म्हणजे काकांची बायको. एकेकाळी ह्या बाईचा आम्हाला धाक होता. गणपतीत प्रसादाचं पातेलं त्यांच्यापुढून नेताना आम्ही झाकण दाबून धरायचो. त्या चाखत नसत, लांबूनच नाक वर करायच्या आणि सांगायच्या, "रवा कच्चा राहिलाय." गल्लीतून जाताजाता खिडकीपाशी थांबून "मीनल, दूध लागतंय तुझं" असं त्यांनी मला कितीदा वाचवलंय. मग दोन वर्षांपूर्वी त्यांना मोठा ताप आला. उठल्या, पण स्वयंपाकघरात पुन्हा गेल्या नाहीत. ओटा काकांनी घेतला. काकू खिडकीत बसून राहायच्या आणि काहीही पुढे केलं तरी म्हणायच्या, "छान झालंय हो." एवढी जिभेची तिखट बाई नवऱ्याच्या हातचं खाऊन खचली, असं आमचं सगळ्यांचं मत पडलं.

"म्हारे तो गाय बी नी खाय," राठौर भाभी म्हणाल्या, "और काकीजी को रोज खिलाते हैं. दीदी, आप बोलो उनसे. आप टीचर हो."

त्या गुरुवारी मी बोलायचं ठरवलं. शाळेत परीक्षा चालू होत्या, डोकं आधीच तापलं होतं. सातला काका आले. कढीतली जिलबी होती. जिलबीवर त्यांचा काय एवढा जीव आहे कळत नाही. "घाई नाही," म्हणत ते पायरीवर बसले आणि लगेच उठले. "आज वाटी तूच आणून दे बेटा, मला अजून दोन घरं करायची आहेत." आमटीची फोडणी टाकतानाच प्रिन्सिपॉल मॅडमचा फोन आला. तेल कडकडीत तापलं होतं, मी बोलता बोलता हिंग आधी टाकला, मोहरी शोधत राहिले, आणि हिंगाचा कोळसा झाला. घरभर तो करपट, उग्र वास. सुहास खोकत बाहेर पळाला. दुसरी आमटी करायला वेळ नव्हता आणि इच्छाही नव्हती. म्हटलं, देऊन टाकू हीच. त्यांनाही कळू दे.

वाटी घेऊन मी तरातरा गेले. मनात वाक्यं तयार होती. 'काका, तुमचा छंद तुमच्यापाशी. पण त्या माउलीचा तरी विचार करा.' दार उघडंच होतं.

जेवणाच्या टेबलावर गल्लीतल्या वाट्या ओळीने मांडलेल्या होत्या. सगळ्यांवर झाकणं. खुर्चीत कुसुमकाकू बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांवर काकांचा चौकड्यांचा रुमाल बांधलेला होता. काका एक वाटी त्यांच्या नाकाखाली धरून उभे होते.

"घे ना, जोरात घे. ओळख कोणाच्या घरची."

"काही नाही हो."

"अगं, लसूण आहे! राठौरकडची. कच्चा लसूण, चांगला ठेचलेला."

"नाही येत, खरंच. छान असेल."

"बरं. चालेल. नेक्स्ट."

मी दारातच थिजले. काकांनी मला पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखे वाटी मागे लपवू लागले. काकूंनी रुमाल वर सरकवला. "मीनल का? ये. तुझ्यापासून आता काय लपवायचं. तापात माझं नाक गेलं ग. चवही त्याबरोबर गेली. काहीही खाल्लं की नुसतं ओलं, कोरडं, गरम, एवढंच कळतं. इंदूरचे डॉक्टर म्हणाले, रोज वेगवेगळे वास देत राहा, येईल किंवा येणार नाही. आता ह्यांना काय येतं? पोहे. आणि चहा. किती वास काढतील बिचारे घरातून?"

"मग आम्हाला सांगायचं ना काका! आम्ही आणून दिलं असतं."

काका टेबलावरच्या वाट्या उगाच सरळ करू लागले.

"ह्यांनी?" काकू म्हणाल्या. "ह्या माणसाने जन्मात कुणाकडे काही मागितलेलं नाही. म्हणाले, नुसतं घेऊ कसं? आधी आपण काही द्यायला हवं. मग देण्यासारखं काही हवं म्हणून त्या चिठ्ठ्या. मी म्हटलं, अहो, लोक फेकत असतील. तर म्हणतात, फेकू देत, वाटी तर परत येते!"

मला इतकी लाज वाटली की हातातली आमटी कुठे ठेवू असं झालं. गेले दोन महिने हा माणूस सहा घरांच्या पायऱ्यांवर बसत होता, आणि आम्ही त्याची टिंगल करत होतो. मी वाटी पदराआड करून म्हटलं, "ही नको काका, मी दुसरं आणते. बिघडलंय हे."

"बिघडू दे. बॅच आहे ना? इन्स्पेक्शन होणार." त्यांनी वाटी माझ्या हातातून काढून घेतली, काकूंचा रुमाल खाली ओढला आणि ताटली सरकवली.

काकू नेहमीसारखं 'काही नाही' म्हणायला तोंड उघडू लागल्या आणि थांबल्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी मान मागे घेतली, पुन्हा पुढे आणली, आणि नाक वर केलं.

"शी! हिंग जाळलास की ग."

काकूंनी पुन्हा एकदा हुंगलं.

"मोहरीच्या आधी घातलास ना? कितीदा सांगितलंय तुला, लक्ष कुठे असतं तुझं?"

आयुष्यात मला कुणाच्या बोलण्याने एवढा आनंद झालेला नाही. मी "हो काकू, हो काकू" करत राहिले. काका खुर्ची ओढायचं विसरून सरळ जमिनीवर बसले. "परत बोल," ते म्हणाले. "कुसुम, परत बोल. रिजेक्ट आहे ना? रिजेक्ट म्हण."

"एकदम रिजेक्ट," काकू म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

त्यांनी लगेच लसूण हुंगला, मेथी हुंगली. त्यातलं काहीच आलं नाही. मघाची वाटी पुन्हा धरली, तर तीही आता निवली होती. काका म्हणाले, "चालेल. आज एक पीस निघाला, पुष्कळ झाला." पण रुमालाची घडी त्यांनी तीनदा मोडून पुन्हा घातली.

दुसऱ्या दिवशी सातच्या आधीच कडी वाजली. काका दारात उभे होते. वाटीवर ताटली नव्हती आणि वाटीत काहीही नव्हतं. ते माझ्याकडे बघत नव्हते, दाराच्या चौकटीकडे बघत होते.

"आज काही केलं नाही बेटा," ते म्हणाले. "आज मागायलाच आलोय. तेवढा हिंग जाळून देशील?"

मी छोटी कढई ठेवली, चार चमचे तेल ओतलं, गॅस मोठा केला. आतून सुहास ओरडला, "अगं, काहीतरी करपतंय!" मी म्हटलं, करपू दे. हिंग काळा पडेपर्यंत काका ओट्यापाशी उभे होते आणि मध्येच म्हणत होते, "थोडं अजून. कालच्यासारखं."

मी ते तेल वाटीत ओतलं. काकांनी वर पंजा दाबला, चटका बसला तरी काढला नाही, आणि निवायच्या आत पोचायला हवं म्हणून बहात्तर वर्षांचा तो माणूस गल्लीतून पळत सुटला. मी दारात उभी राहून बघत राहिले. मला कुसुमकाकूंचा फार हेवा वाटला.