रोझीच्या खुब्याचा एक्स-रे

तपासणी न केलेला प्राणी निरोगी असतो, हे वैद्यकशास्त्राला अजून मान्य नसले तरी नगरच्या सावेडी भागाला फार पूर्वीच पटले आहे. १९९४ च्या सुमारास तिथे बंगला, स्कूटर आणि केबल या क्रमाने प्रगती झाली की चौथ्या पायरीवर अल्सेशियन कुत्रा येई. आणि कुत्रा वयात आला की त्याच्यासाठी स्थळ पाहणे आले.

स्थळ पाहण्याची पद्धत अत्यंत काटेकोर होती. समोरच्या मालकाची नोकरी (शक्यतो सरकारी), बंगल्याचे तोंड कोणत्या दिशेला, कुत्र्याला इंग्रजी कितपत कळते, सगळे पाहिले जाई. मग पोहे होत. कुत्र्याला चालवून पाहणे मात्र असभ्य समजत.

या सुव्यवस्थेला गालबोट लावले ते सुचित्राबाईंनी. बाई शाळेत विज्ञान शिकवत आणि, खरी अडचण ही, की त्यांचा त्यावर विश्वासही होता. त्यांचा आधीचा कुत्रा चौथ्याच वर्षी मागच्या पायांनी बसला. आईबापांकडून आलेला खुब्याचा दोष. शेवटी शेवटी त्या त्याला उचलून अंगणात नेत आणि परत आणताना रडत. असे पिल्लू आपल्या हातून जगात यायला नको, म्हणून नव्या कुत्रीला, रोझीला, पिल्ले होऊ देण्याआधी त्यांनी तिला पुण्याला नेले, खुब्यांचा एक्स-रे काढला, रक्त तपासले. सगळे उत्तम निघाले. आनंदाच्या भरात बाईंनी ते चार लोकांना सांगितले आणि तिथेच घात झाला. येणारी स्थळे थांबली.

घोडेगावच्या श्रीमंततात्यांनी मळ्यासाठी रोझीचे पिल्लू सांगून ठेवले होते. बाजारात गाय घेताना तात्या तिचे दात बघत, कास चाचपत, तिला दहा वेळा फिरवून आणायला लावत. ते स्वतः येऊन नको म्हणाले.

"बाई, कुत्री लई गुणाची हाय. पर काय झालं न्हाई, तर डाक्टरकडं कशापायी न्हेली?"

"काही झालं नाही ना, हेच बघायला नेली."

"तेच म्हन्तो मी," तात्या म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

उरले एकच स्थळ. निवृत्त इंजिनिअर नृसिंहराव यांचा राजा. राजा मागचा पाय ओढत चाले. (कॉलनीत याला ऐट म्हणत.) बाईंनी त्याचा एक्स-रे मागताच नृसिंहराव दुखावले.

"आमच्या राजाला आजवर एकही रोग निघालेला नाही," ते म्हणाले. (हे अक्षरशः खरे होते.) "तुमच्या रोझीबद्दल लोक काय बोलतात ते ठाऊक असूनही आम्ही तयार झालो होतो, बाई."

बाईंनी नकार दिला. कॉलनी हळहळली, राजासाठी.

पुढे राजाची पिल्ले पार संगमनेरपर्यंत गेली. उपलब्ध आकडेवारीनुसार त्यांतली शंभर टक्के निरोगी होती (तपासलेली: शून्य). बरीचशी दिवसभर बसून असत, त्यामुळे शांत स्वभावाची म्हणून त्यांना मागणी वाढतच गेली.

रोझी कुंपणाच्या कडेने भन्नाट पळे. बाई तिच्याकडे बघत बसत. त्यांना पिल्लांची फार हौस होती. हिला पिल्ले का नाहीत, असे कोणी विचारले की त्या सरळ सांगत, "तिची तपासणी केली होती." लोक समजुतीने मान हलवत आणि विषय बदलत.

तुमच्याही मनात मघाशी, हिला नक्की झाले तरी काय होते, असे येऊन गेलेच असेल. नाही म्हणालात तरी चालेल. आम्ही तुमच्या शब्दावर विश्वास ठेवू, तपासणार नाही.