मेश्रामकाकूंचं पडणं

मेश्रामकाकू पडल्या की उठत नाहीत. घाबरू नका, फारसं लागलेलं नसतं. त्या पडल्या जागी मांडी घालतात, पदर सारखा करतात आणि निवांत बसतात. कोणी उठवायला हात पुढे केलाच तर म्हणतात, "कायले घाई करता? आत्ताच तं पडली मी!"

मोहाडीत आमच्या घरांची भिंतीला भिंत. मी शाळामास्तर. "काही नाही झालं, ऊठ" हे म्हणण्यात माझी वीस वर्षं गेली, त्यामुळे काकूंचं हे बसणं मला सुरुवातीला बघवायचं नाही. आणि त्यांचं पडणं म्हणजे नुसतं पाय घसरून पडणं नव्हे. डाळ करपली, काकू चुलीसमोर बसल्या. कागद घरी विसरल्या म्हणून अर्ज परत आला, तर कचेरीच्या पायरीवर बसल्या. शिपायानं हटकलं तेव्हा त्यालाच म्हणाल्या, "पाच मिनिटं वाईट वाटू दे ना बाप्पा, मंग जाते."

पाच म्हणजे पाचच मिनिटं. मग गुडघ्यांवर थाप मारून "झालं!" म्हणायचं आणि उठायचं. त्यानंतर त्या गोष्टीचं रडगाणं नाही.

मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "गुरुजी, रोवणा होऊन रोपं बांधीत लागल्यावर धान पाहिला का? चार दिवस पिवळा पडते, मान टाकते. तेव्हा त्याले वर ओढलं तं उपटून हातात येते. मूळ धरू द्या लागते."

बी.एड.ला हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

गेल्या वर्षी मेश्रामकाकांना लकवा झाला. तीस वर्षं ते मोटरसायकलनं वरठीच्या कारखान्यात गेले-आले. माणूस तोफखान्यासारखा. भाजीतलं मीठ, दाराची कडी, काकूंचं हळू चालणं, सगळ्यावर ओरडायचे. आजारातून सावरले, काठी घेऊन चालू लागले, जिभेलाही काही झालं नव्हतं. पण काकांनी बोलणंच सोडलं. पाच महिने भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसले. डॉक्टर म्हणाले, यांना घराबाहेर काढा. काकूंनी दारात ऑटो आणून उभा केला, तेव्हा काका एवढंच म्हणाले, "ऑटोत बिमार लोकं बसतात." पुन्हा भिंत.

म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी काकूंनी बिनगिअरची जुनी गाडी घेतली. नवऱ्याला मागे बसवून बाहेर न्यायचंच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मग काय, सगळ्या गावाला तमाशा! वळणावर पडल्या, नालीत पडल्या, एकदा तर सरळ धानाच्या बांधीत शिरल्या आणि चिखलात फतकल मारून बसल्या.

"काकू, चिखलातून तरी उठा!" मी ओरडलो.

"चिखलात पडली तं चिखलातच बसन ना!"

लोक हसले, खोटं कशाला बोलू, मीही हसलो. दुसऱ्या महिन्यात मात्र मला भीती वाटू लागली. म्हटलं, "काकू, सोडा आता. हे काय वय आहे?"

"पडाचंच तं वय हाये हे," काकू म्हणाल्या, आणि हँडल सरळ करायला लागल्या.

तिसऱ्या महिन्यात पडणं थांबलं. एका रविवारी सकाळी त्यांनी गाडी पायरीला लावली, चालू केली आणि नुसत्या बसून राहिल्या. काकांना हाक नाही की विनवणी नाही. दहा मिनिटं गाडी भुरभुरत होती. मी भिंतीपलीकडे दात घासायचं विसरलो. शेवटी आतून काठीचा आवाज आला. काका बाहेर आले, कोणाकडेही न बघता मागे बसले, आणि गाडी वरठीच्या रस्त्याला लागली.

दीड तासानं परतले. काका तडक आत गेले. काकू गाडी धरून अंगणातच उभ्या.

"बोलले का काही?" मी विचारलं.

"बोलले? कारखान्याच्या फाटकापर्यंत ओरडत गेले! ब्रेक दाब, बाजूनं घे, हॉर्न काहून देत नाई, तुले अक्कल हाये का!" सांगता सांगता काकू पदरानं हँडल पुसू लागल्या. "आठ महिन्यानं माह्यावर कोणी ओरडलं, गुरुजी. घर कसं खायले उठे."

तेवढ्यात आतून काकांची हाक आली. चहा पाहिजे होता, आणि आवाज चांगला खणखणीत होता.

काकू जागच्या हलल्या नाहीत. म्हटलं, "काकू, काका बोलावताहेत."

"आयकून राहिली ना," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "अजून एकदा ओरडू द्या."