धुराचा सावकार

हवामान बदलाचं अर्थशास्त्र शिकायचं असेल तर पुण्याच्या कॉलेजात फी भरू नका. सरळ कामशेतला उतरा, वडिवळ्याची जीप धरा आणि कोंडाजी आबाचं घर विचारा. तो मीच! अख्ख्या मावळात धुराचा ठोक व्यापार केलेला माणूस माझ्याशिवाय दुसरा नाही. हसू नका. कुणी हसलं की मी लांबण लावतो, असं आमची येसूबाई म्हणते.

झालं असं, की चैत्रात पुण्याहून अनघाताई आली. संशोधन करणारी पोरगी. तिनं वाडीला समाजमंदिरात गोळा केलं आणि म्हणाली, "मोठ्या कारखान्यांना धुराचे परवाने ठरवून देतात. ज्याचा धूर कमी, त्याचे परवाने उरतात. ते त्यानं जास्त धूर करणाऱ्याला विकायचे. परवाने मात्र वाढवून मिळत नाहीत, म्हणून धूर आटोक्यात राहतो. हाच बाजार एखाद्या वाडीत चालतो का, ते मला पाऊस पडेपर्यंत बघायचंय."

तिनं घरोघर हिरव्या चकत्या वाटल्या. चूल असो की न्हाणीतला बंब, एक पाटी जळण जाळलं की एक चकती समाजमंदिरातल्या डब्यात टाकायची. चकती नाही तर जाळ नाही!

"पण लक्ष कोण ठेवणार?" ताईनं विचारलं.

"त्याची काळजी सोडा," निवृत्ती म्हणाला. "हितं कुनाकडं कंचं कालवन शिजलं त्ये समद्या वाडीला वासावरनं कळतं."

हा निवृत्ती म्हणजे माझ्या बांधाला बांध लागलेला शेजारी. इतका गोड बोलतो, की त्याला भेटून आलो की मी चहा बिनसाखरेचा पितो.

"आणखी कुठे जाळ लागतो?" ताईनं विचारलं आणि माझ्या डोक्यात वीज चमकली.

"राब, ताई! राब ऱ्हायला!"

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. वैशाखात, भाताचं बी पेरायच्या आधी, त्या जागेवर पाचोळा, टहाळ आणि गोवऱ्या पसरून आम्ही जमीन भाजून काढतो. तो राब. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर वर्षभर भाताच्या नावानं शिमगा!

"येका राबाला ईस चकत्या लावा!" मी म्हणालो.

"लहान राबाला किती? मोठ्याला किती?"

"राब म्हंजी राब, ताई! त्यात ल्हान-मोटा कशाला?"

वाडीतला सगळ्यात मोठा राब माझा, हे मी बोललो नाही. कुणी विचारलं नव्हतं.

घरी येऊन मी येसूबाईला बेत सांगितला. "आत्ता समद्यांच्या चकत्या गोळा करायच्या. वैशाखात राबाची येळ आली की निवृत्ती आपल्या पायरीवर येऊन बसंल. म्हनंल, आबा, धूर द्या!"

"अन् तुमी काय म्हनाल?"

"इचार करतो म्हनंन!"

मोबदल्यात कोंबड्या द्याव्यात म्हणून खुराड्याकडे वळलो, तर ती कडाडली, "कोंबडीला हात लावाल तर तुमालाच डालग्याखाली झाकीन!" मग राहिलं काय? गोवऱ्यांचा उडवा, पाचोळ्याचा ढीग आणि टहाळाच्या मोळ्या. म्हटलं, ते काय, पुन्हा गोळा करता येईल!

आणि बाजार सुरू झाला! घरोघर गॅस, त्यात उन्हाळा, गरम पाणी कुणाला हवंय? लोकांनी चकत्या शेंगदाण्यासारख्या माझ्या पिशवीत ओतल्या. सरूबाई म्हणाली, "आबा, चकतीला येक पाटी गोवऱ्या द्या." मी म्हणालो, "घे!" मग निवृत्ती आला. "आबा, भाव चढला जनू. दोन पाट्या हुत्यात." तेही दिलं! बाजार चढतोय म्हणजे माझाच माल महाग होतोय, हे शेंबड्या पोरालाही कळेल. ताई समाजमंदिराच्या फळ्यावर रोज भावाची रेघ काढायची. ती रेघ बेडशाच्या डोंगरासारखी उभी चढत होती आणि खाली माझा उडवा बसत होता.

वैशाख सरत आला. लोणावळ्याच्या अंगाला ढग दिसायला लागले. मी धुतलेला सदरा घालून, चकत्यांची पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसलो. कुणी येईना. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी निवृत्तीच्या रानातून धूर निघाला!

मी धोतर सावरत पळालो. बघतो तर अख्खी वाडी तिथं!

"चकत्या कुटनं आनल्या रं?"

"ईस ठेवल्यात्या की मागं," निवृत्ती म्हणाला. "येका राबाला तेवढ्याच लागत्यात न्हवं?"

"अन् ह्या समद्यांच्या राबाचं काय?"

"हाच की! औंदा समद्या वाडीचा येकच राब. तुमीच बोललावता, राब म्हंजी राब, त्यात ल्हान-मोटा कशाला!"

मी अनघाताईकडे बघितलं. ती म्हणाली, "नियमात बसतंय, आबा."

आणि त्या राबात जळत काय होतं? माझ्या गोवऱ्या! माझ्या म्हशीचं शेण मी कोसावरून ओळखतो! बाकीच्यांनी आपापलं जळण जपून ठेवलं होतं.

तडक सरूबाईकडे गेलो. "चार पाट्या गोवऱ्या दे, पाटीला धा चकत्या देतो!"

"चकत्या काय तव्यावर भाजून खाऊ, आबा?"

वाडीभर फिरलो, डोंगरावर गेलो. डोंगर माझ्या टकलासारखा साफ. घरी आलो तर येसूबाई दारातच.

"अगं, धुराचे समदे परवाने माझ्याकडं हायेत, अन् जाळाया काडी न्हाई! काय जाळू?"

"चकत्या जाळा!"

दुसऱ्या दिवशी पाऊस आला. माझी जमीन भाजली ती नाहीच.

पुढं रोपं हातभर झाल्यावर निवृत्ती स्वतः सांगायला आला. "आबा, लागतील तेवढी रोपं न्या. तुमचीच हायेत." असं साखरेत घोळून बोलला, की महिनाभर घरात साखर आणावी लागली नाही. माझ्याच शेणावर वाढलेली रोपं, आणि वर उपकार त्याचे! पण नेली. भात माझ्या रागावर थोडाच उगवतो?

त्याच आठवड्यात ताईनं समाजमंदिरात सभा घेतली. म्हणाली, "न वापरलेला परवाना म्हणजे न झालेला धूर. आबांनी पदरचं देऊन चकत्या घेतल्या आणि त्यातली एकही राबासाठी वापरली नाही! इतका निःस्वार्थी व्यापारी माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही." मला शाल, नारळ! सगळ्यात मोठ्यानं टाळ्या निवृत्तीनं वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, गहिवरलो.

पावसात भिजत घरी आलो. दात वाजत होते. म्हटलं, "येसू, कपभर च्या टाक." गॅस नेमका संपलेला. तिनं शालीकडे बघितलं. मी ती घट्ट धरली. मग तिनं नारळ सोलला, शेंडी चुलीत सारली आणि त्यावर चहा उकळला. घरात इतकं सुरेख धुरकटलं, की म्हटलं, चला, एवढ्या खटाटोपातून निदान गरम चहा तरी मिळाला!

कपाला हात लावणार, तोच तिनं तळवा पुढं केला.

"अगुदर चकती काढा!"